मार्कशीटच्या नावानं भोपाळ

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात आम्ही दोघांनी दोन दिवस नागपूरला फिरायला जायचं ठरवलं आणि गेलो पाच जण. सौंसरात तेव्हा तशीच रीत होती. नागपूरला कोणी निघालं की त्याला सोबत मिळायची, मागा अथवा न मागा. माझ्या नणंदेला साडी घ्यायची होती, शेजारच्या काकूंची दाढ दुखत होती आणि काकूंना सोबत म्हणून त्यांची बहीण आली. मुक्काम ह्यांच्या मामांकडं. शहरात सख्खा मामा असताना लॉजवर उतरणं म्हणजे मामाच्या तोंडावर दार आपटण्यासारखंच. तिथं पुरुष बैठकीत झोपले आणि आम्ही बाया स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत. दोन दिवसांत नवऱ्याशी माझं बोलणं झालं ते एकदाच, त्यांनी टॉवेल कुठं आहे विचारलं तेव्हा. काकूंची दाढ मात्र छान निघाली.

ही ऐंशी सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. हे सरकारी शाळेत भूगोल शिकवायचे. भूगोल शिकवणारा माणूस हिंडणारा असेल, अशी लग्नाआधी माझी समजूत होती. ह्यांनी जगातल्या सगळ्या सामुद्रधुनी पाठ केल्या होत्या आणि स्वतः इटारसीच्या पलीकडं गेले नव्हते. पण नागपूरच्या फजितीनंतर त्यांच्याही मनात काहीतरी सलत असावं. पुढच्या हिवाळ्यात एका दुपारी ते माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, “भोपाळात आपला कोणीच नाही.” दीड वर्षाच्या संसारात त्यांच्या तोंडून ऐकलेलं ते सर्वांत प्रेमाचं वाक्य.

सौंसर मध्य प्रदेशात, म्हणून भोपाळ आमची राजधानी. पण सौंसर-पांढुर्ण्याच्या माणसाला राजधानीचं काय? लुगडं नागपूरचं, डॉक्टर नागपूरचा, सोयरीक नागपूरकडची. भोपाळहून यायची ती बदलीची ऑर्डर. तिकडं माणूस जायचा तो फाईल अडली म्हणून, आणि परत यायचा तो तोंड पाडून. नुसतं शहर पाहायला म्हणून भोपाळला गेलेला एकही माणूस आमच्या गल्लीत नव्हता. ह्यांनी नेमकं तेच हेरलं. “थोडं धाडस करावं लागेल,” असं म्हणून त्यांनी शाळेतून ग्राफपेपर आणला आणि आमच्या धाडसाचा तक्ता आखायला घेतला.

तक्ता सुरेख होता. तीन रजा. जाताना पॅसेंजर, कारण ती स्वस्त. उतरायचं धर्मशाळेत, कारण तीही स्वस्त. पहिल्या दिवशी खायला घरच्या दशम्या आणि ठेचा, दुसऱ्या दिवशी उरलेल्या दशम्या आणि ठेचा. हौसेला मोल नसतं म्हणतात. आमच्या हौसेला होतं आणि ते मास्तरच्या पगारात बसवायचं होतं. गुरुवारी बाजार आणि जुन्या इमारती, शुक्रवारी चार वाजता मोठा तलाव आणि नाव, संध्याकाळी परतीची गाडी. तलाव त्यांनी निळ्या पेन्सिलीनं रंगवला होता.

मला खरं म्हणजे भोपाळचं काही पडलेलं नव्हतं. मला पाहिजे होती ती नाव. आमच्या घराला दोन दारं होती आणि दोन्हींतून दिवसभर माणसं यायची. हे जेवायला बसले तरी ओसरीवरून कोणीतरी “गुरुजी” अशी हाक मारायचं आणि हे हात धुऊन उठायचे. नावेत तसं करता येत नाही. अर्धा तास नवरा माझ्यासमोर बसेल आणि त्याला उठून जाता येणार नाही, एवढीच माझी इच्छा होती. महिनाभर मी त्या निळ्या चौकोनाकडं पाहून पोळ्या लाटल्या.

प्रश्न होता घरी काय सांगायचं. सुनेनं माहेरी जावं, दवाखान्यात जावं, देवाला जावं. नुसतंच जावं, हे कशातच बसत नव्हतं. मग ह्यांनीच युक्ती काढली. माझी बोर्डाच्या अकरावीची मार्कशीट उधईनं खाल्ली, कन्याशाळेत जागा निघणार असल्याचं ऐकलं आहे, आणि डुप्लिकेट मार्कशीट काढायची तर जातीनं भोपाळला जावं लागतं. मार्कशीट माझ्या ट्रंकेत लग्नाच्या शालूखाली ठणठणीत होती. मुलांना खोटं बोलू नका म्हणून शिकवणाऱ्या माणसानं हे सगळं एका दमात रचलं, हे पाहून मला त्यांच्याविषयी पहिल्यांदा आदर वाटला.

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या ओसरीवर तुरीची डाळ निवडत होत्या. त्यांचे डोळे अधू, अशी घरात ख्याती. सासरे हयात असताना त्यांनी सासूबाईंना नागपूरला नेऊन डोळे दाखवून आणले होते आणि चष्माही करून आणला होता. तो चष्मा बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात राहायचा. लावलेला मी कधी पाहिला नाही. जपून वापरतात, असं सगळे म्हणायचे. चष्म्यावाचून त्या सुईत दोरा ओवत, डाळीतला तिळाएवढा खडा काढत आणि गल्लीच्या टोकाशी कोण वळलं ते पातळाच्या काठावरून सांगत. त्या अधू डोळ्यांनी त्यांनी माझ्याकडं बराच वेळ पाहिलं.

“जा बापा,” त्या म्हणाल्या. “पण कागद घेऊन येजो. रिकाम्या हातानं नोको येऊ.”

चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, सासूबाईंना संशय आला. पण त्या पुन्हा डाळीकडं वळल्या आणि मी सुटले.

खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. आमच्या कपाळी अर्ज आले. दुसऱ्याच दिवशी ही बातमी सौंसरभर झाली: गुरुजी भोपाळले चालले. फिरायला चालले असं सांगितलं असतं तर फार तर लोक हसले असते. कामाला चालले म्हटल्यावर ज्याचं त्याचं काम जागं झालं. एकाची वेतनवाढ तीन वर्षं अडली होती. एकाला बदली पाहिजे होती, दुसऱ्याला तीच बदली रद्द करून पाहिजे होती, आणि दोघं एकाच ओसरीवर बसून माझ्या हातचा चहा प्याले. लोधीखेड्याहून एक गृहस्थ सायकलवर आले. त्यांचा मुलगा गणितात नापास झाला होता आणि ते त्यांना मान्य नव्हतं.

“गुरुजी, तुमी तं त्याच दफ्तरात चालले ना मॅडमच्या मार्कशीटसाठी? मंग माह्या पोराचंबी पाहून घ्या. एका खिडकीचं तं काम हाय.”

ह्यांना ‘नाही’ म्हणता यायचं, पण ते फक्त मला. निम्म्या लोकांकडं अर्जही नव्हता. मग हेच लिहायला बसले. ह्यांचं हिंदी अक्षर मोत्यासारखं. सेवा में, श्रीमान, सविनय निवेदन है कि. त्या आठवड्यात त्यांनी जेवढी सविनय निवेदनं केली, त्यातलं एकही मला आजवर केलेलं नाही.

आणि प्रत्येक अर्जासोबत संत्री. दिवस संत्र्यांचे होते, घरोघरी बगिचे, आणि संत्र्याशिवाय फाईल हलत नाही असा आमच्या भागाचा विश्वास. “साहेबाले देजा,” म्हणून जो तो पिशवी ठेवून जायचा. सर्वांत शेवटी शेजारची म्हातारी आली. तिचा नवरा शाळेत शिपाई होता, तो वारल्यापासून तिची पेन्शन अडून बसली होती. तिच्याकडं बगिचा नव्हता. तिनं पदरात बांधून चारच संत्री आणली, तीही कोणाकडून मागून. तिचा अर्ज मीच ह्यांच्या पुढ्यात सरकवला.

तक्त्यावर रोज काहीतरी खोडलं जात होतं. आधी जुन्या इमारती गेल्या, मग बाजार गेला. शुक्रवारचा निळा चौकोन तेवढा राहिला. “त्याला मी हात लावणार नाही,” असं ह्यांनी मला वचन दिलं.

गाडी पांढुर्ण्याहून पकडायची होती आणि पांढुर्ण्यात माझं माहेर, म्हणजे एक रात्र तिथं. माझे बाबा कापसाच्या बाजारात अडतीचं काम करायचे. जावई भोपाळला चालले हे त्यांनी सकाळच्या लिलावातच जाहीर करून टाकलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा तीन लिफाफे आणि संत्र्यांची एक अख्खी पेटी दाराशी आमची वाट पाहत होती.

“बाबा, आम्ही दोघंच आहोत,” मी म्हटलं. “एवढी पेटी?”

“दोघं आहा म्हनूनच तं देऊन राहिलो,” बाबा म्हणाले. “एका मानसानं उचलत नाही थे.”

दुसऱ्या दिवशी गाडीत बसलो. मला खिडकी मिळाली, हे समोर. पेटी सीटखाली, पिशव्या वर, अर्जांचा झोळा ह्यांच्या मांडीवर. गाडी सुटली आणि सबंध डब्यात आम्हाला ओळखणारं कोणी नव्हतं. हे माझ्याकडं पाहून हसले. मीही हसले. तेवढ्यात तिगाव आलं. फलाटावर एक फेटेवाला माणूस हातात लिफाफा आणि पिशवी घेऊन डब्याडब्याला हाका मारत चालला होता, “सौंसरचे गुरुजी! भोपाळवाले गुरुजी!” बाबांनी निरोप पाठवला असणार.

“अहो, बोलू नका,” मी म्हटलं.

ह्यांचा हात तोवर खिडकीबाहेर गेला होता.

भोपाळच्या धर्मशाळेत पुरुषांचा हॉल वेगळा होता आणि बायकांचा वेगळा. ही गोष्ट ग्राफपेपरवर नव्हती. ज्या स्वस्ताईसाठी आम्ही ती निवडली तिचं कारण आम्हाला दारात कळलं. मी पेटीसकट बायकांच्या हॉलमध्ये गेले. मामांकडं निदान चादर तरी धुतलेली होती.

गुरुवारचा सबंध दिवस आम्ही सरकारी व्हरांड्यांतून काढला. सुरुवात माझ्या मार्कशीटपासून. “घरी सांगितलं आहे, तर काहीतरी दाखवावं लागेल,” हे म्हणाले. म्हणून माझ्या ट्रंकेत सुखरूप असलेली मार्कशीट नष्ट झाल्याचं मी शपथेवर लिहून दिलं आणि खाली सही ठोकली. मग मला एका बाकावर संत्र्यांजवळ बसवून हे झोळा घेऊन निघाले. त्या व्हरांड्यात मी एक वेगळाच माणूस पाहिला. घरात ज्यांना स्वतःचा टॉवेल सापडत नव्हता, त्यांना तिथं अर्ध्या तासात कोणती खिडकी कशाची हे कळलं होतं. शिपायांशी गप्पा, बाबूंशी हास्यविनोद. एकेक फाईल ते दोन्ही हातांनी घेत, वाकून पाहत, पानं हळूहळू उलटत. मला राग आला. नुसता राग नाही, हेवा वाटला. माझ्याकडं त्यांनी कधी असं वाकून पाहिलं नव्हतं.

संत्र्यांचं म्हणाल तर ती सगळ्यांनी आनंदानं खाल्ली. शिपायांनी खाल्ली, बाबूंनी खाल्ली, माझ्या शेजारी बसलेल्या अर्जदारांनीही खाल्ली. फाइली जिथं होत्या तिथंच राहिल्या, फक्त त्यांना वास चांगला यायला लागला.

शुक्रवारी दुपारपर्यंत सगळे अर्ज कुठं ना कुठं टाकून झाले. राहिली फक्त म्हातारीची पेन्शन. साडेतीन वाजता आम्ही तलावावर पोचलो. ह्यांनी वचन पाळलं होतं. दोघांची नाव ठरवली, पैसेही देऊन टाकले. नावाडी दोर सोडायला लागला आणि ह्यांनी घड्याळ पाहिलं.

“काय झालं?” मी विचारलं.

“काही नाही. चार वाजता साहेब सही करतील म्हणाले होते. म्हातारीच्या कागदावर.”

“कोण म्हणालं?”

“शिपाई.”

मी पाण्याकडं पाहत होते. डोळ्यांसमोर चार संत्री येत होती, म्हणून मला त्यांना अडवताही येईना. “जा,” मी म्हटलं. असं ‘जा’ बायको कोणत्या सुरात म्हणते आणि त्यानंतर नवऱ्यानं काय करायचं असतं, हे कोणत्याही शहाण्या नवऱ्याला कळतं. भूगोलाच्या शिक्षकाला कळलं नाही. ते खरंच गेले. उरलेल्या संत्र्यांनी झोळा जड होतो म्हणून माझ्याजवळ ठेवून गेले.

पैसे दिलेले होते. मास्तरच्या बायकोला पैसे बुडवणं जमत नाही. मी नावेत जाऊन बसले आणि समोरच्या फळीवर झोळा ठेवला.

“साहब नहीं आएंगे?” नावाड्यानं विचारलं.

“नहीं,” मी म्हटलं. “उनका दफ्तर है.”

आमच्या जाम नदीचं पाणी हिवाळ्यात घोट्याएवढं असतं. एवढं पाणी मी जन्मात पाहिलं नव्हतं. मध्यावर गेल्यावर शहराचा आवाज थांबला आणि नुसता वल्ह्याचा आवाज राहिला. कोणी हाक मारली नाही. मी झोळ्यातून एक संत्रं काढलं, सावकाश सोललं आणि बिया पाण्यात टाकत खाल्लं. मला फार छान वाटलं. आणि छान वाटलं याचाच जास्त राग आला, कारण ते सांगायला समोर झोळा होता.

हे पाच वाजता परत आले. साहेब दौऱ्यावर गेले होते.

“कशी होती नाव?” त्यांनी विचारलं.

“हलते,” मी म्हटलं. त्यानंतर परतीच्या गाडीत इटारसीपर्यंत आम्ही बोललो नाही. इटारसीला त्यांनी मला न विचारता चहा आणून दिला, आणि मी तो घेतला.

सौंसरात आमच्या ओसरीवर दोन दिवस गर्दी होती. ज्याला त्याला आपल्या फाईलचं वर्णन पाहिजे होतं आणि हे ते रंगवून देत होते. म्हातारीला त्यांनी काम होऊन जाईल म्हणून सांगितलं. पुढं सहा महिन्यांनी ते झालंही. आमच्यामुळं की आम्ही असूनही, देव जाणे. ती मात्र मरेपर्यंत ह्यांना आशीर्वाद देत होती.

गर्दी सरली तेव्हा मी सासूबाईंच्या बाजूला जाऊन बसले. त्या पुन्हा डाळीवर होत्या.

“तलाव पाह्यला का व?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

मी दचकले. तलावाचं नाव घरात कोणी काढलं नव्हतं. “पाहिला,” मी म्हटलं.

“दोघायनं?”

“नाही. एकटीनं. हे दफ्तरात गेले.”

त्यांचा हात सुपात थांबला.

“तरी बरं,” त्या म्हणाल्या. “मले नागपूरच्या महाराजबागेतला वाघ पाहाचा होता. घरी सांगतलं का डोये दुखून राहिले. नागपूरले उतरलो तं तुह्ये सासरे म्हने, डोयाचं सांगतलं हाय तं आधी डोये दाखवू. दोन दिवस दवाखान्याच्या रांगेत बसली मी. डॉक्टर म्हने, बाईचे डोये चांगले हायेत. तरी यायनं चष्मा बनवून घेतला. म्हने, घरी काय दाखवाचं?”

“आणि वाघ?”

“वाघ कुठचा? गाडीची वेळ झाली.”

एवढं सांगून त्यांनी एक खडा काढून अंगणात फेकला.

दोन महिन्यांनी पोस्टानं माझी डुप्लिकेट मार्कशीट आली. तेवढ्या झोळ्यातून तोवर झालेलं ते एकच काम, ज्याची कोणाला गरज नव्हती. कन्याशाळेत जागा निघालीच नाही. गल्लीत मात्र ह्यांचं नाव झालं, आणि पुढं दरवर्षी लोक त्यांना अर्ज देऊन भोपाळला पाठवू लागले. एकट्याला. मी पुन्हा गेले नाही. मार्कशीट आली त्या दिवशी सासूबाईंनी ती हातात घेतली, उलटसुलट पाहिली, आणि फळीवरचा बिस्किटांचा डबा काढून चष्म्याखाली ठेवून दिली.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “तुह्या सुनेले दाखवाले होईन.”

सासूबाई गेल्या, डबा माझ्याकडं आला. चष्म्याच्या काड्या आता गंजल्या आहेत. परवा माझ्या सुनेनं जेवताना सरळ सांगितलं, “आई, आम्ही दोघं भोपाळले फिराले जाऊन राहिलो.” कारण दिलं नाही, आणि मी विचारलं नाही. डबा फळीवरच राहिला. निघताना मुलाला तेवढं बाजूला घेऊन म्हटलं, “नावेत बसल्यावर कोणी बोलावलं तरी उठू नको.” तो मोबाइलमध्ये पाहत “हो” म्हणाला, म्हणजे त्यानं ऐकलं नव्हतं.